कापू नका, टीप मारा: डोंबिवलीतल्या एका अल्टरवाल्या मास्तरांबद्दल

वजन उतरवायला मला पैसे लागले नाहीत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, मधल्या वेळेत तोंडाला कुलूप आणि संध्याकाळी ठाकुर्लीपर्यंत चालत जाऊन यायचं. यात खर्च कसला? उलट ऑफिसच्या कँटीनचं बिल खाली आलं. पैसे मागायला लागलं ते कपाट. ऐंशी किलोच्या बरीच पुढे गेलेली मी सत्तरच्या जवळ आले, तेव्हा कपाटात ४४ मापाचे कुर्ते, त्याच जमान्यातले ब्लाउज आणि ३८ कंबरेच्या जीन्स होत्या. यातलं काहीही अंगात घातलं की खुंटीला टांगल्यासारखं दिसायचं.

ढगळ कपड्यांमुळे वजन कमी झालेलं कुणाला कळत नाही, बाई आजारी आहे एवढंच कळतं. लेडीज डब्यात, लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, सगळीकडे आवाज खाली आणून एकच प्रश्न: "काय गं, शुगर निघाली का?" एकीने तर मला तिच्या ओळखीच्या डॉक्टरांचा नंबरही देऊ केला. तेव्हा ठरवलं की मापाचे कपडे घालायचे. सौंदर्यासाठी राहू दे, निदान या चौकश्या बंद व्हाव्यात म्हणून.

ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरची म्हणाली, एवढं कमी केलंस, आता मस्त खरेदी कर. मी कागदावर हिशेब मांडला. रोज सीएसएमटीला जाणाऱ्या बाईला दहा-बारा कुर्ते लागतातच. बरा म्हणावा असा कुर्ता ९०० रुपयांच्या खाली येत नाही. म्हणजे नऊ ते अकरा हजार कुर्त्यांचे, वर पॅन्ट्स, ब्लाउज वेगळे. आणि एवढं करून वजन काही थांबलेलं नव्हतं, ते उतरतच होतं. आज घेतलेला कुर्ता गुढीपाडव्याला ढगळ होणार असेल तर तो घ्यायचाच कशाला? म्हणून नवीन खरेदी वजन थांबल्यावर, तोवर आहे तेच आत घ्यायचं, असं ठरलं.

आता मास्तरांकडे येते. डोंबिवली पूर्वेला, फडके रोडच्या आसपासच्या एका गल्लीत, जुन्या बिल्डिंगच्या जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. पाटीवरचा रंग उडालाय. नाव लिहीत नाही, कारण मी लिहिणार म्हटल्यावर तेच म्हणाले, "नको ताई, आहे तेवढंच काम उरकत नाही." आत एक पायाचं मशीन, त्याला नंतर बसवलेली मोटर, एक इंटरलॉकचं मशीन, भिंतीवर संत नामदेवांची तसबीर आणि तिच्याखाली कपड्यांच्या पिशव्यांची थप्पी. प्रत्येक पिशवीला टाचणीने चिठ्ठी लावलेली. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव नसतं, खूण असते: "निळी स्कूटी", "बँकवाल्या", "दुसरा मजला आजी". माझ्या चिठ्ठीवर बरेच दिवस "बारीक होणाऱ्या ताई" असं होतं. त्या चिठ्ठीचा मला फारच आनंद व्हायचा, हे नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

नवे ब्लाउज शिवणारे डोंबिवलीत पैशाला पासरी आहेत. अल्टरचं काम मात्र कुणाला नको असतं. त्यात उसवायला वेळ जातो, पैसे कमी आणि दुसऱ्याने शिवलेलं निस्तरायचं. "बघते, ठेवून जा" म्हणतात आणि पिशवी महिनाभर तशीच पडून राहते. या मास्तरांचं वेगळेपण असं की ते आधी प्रश्न विचारतात. पहिल्या वेळी मी कुर्त्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला तेव्हा हात न लावता म्हणाले,

"ताई, वजन थांबलंय का उतरतंय?"

"उतरतंय."

"मग कापत नाही. नुसती टीप मारतो. थांबलं की या, मग जास्तीचं कापू."

"कापून टाका हो मास्तर. आता परत चढू देणार नाही."

"सगळ्या असंच म्हणतात. दिवाळी जाऊ द्या."

मी गप्प बसले. त्यांनी एकेक कुर्ता अंगावर घालायला लावला आणि प्रत्येक वेळी फक्त खांदा पाहिला. खांद्याची शिवण हाडावर येते का दंडावर उतरते, एवढंच. खांदा ठीक असला की कुर्ता डाव्या ढिगात, उतरत असला की उजव्या. डावा ढीग सोपा, त्यात बाजूची शिवण आत घेतली की झालं. उजव्या ढिगाला बाही काढायची, मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) वर घ्यायचा, खांदा कमी करायचा, बाही परत लावायची. ते काम अडीचपट पैशाचं आणि तरीही शंभर टक्के जमेलच असं नाही. मास्तर सरळ म्हणाले, "यातले जे लई आवडते असतील तेवढेच द्या. बाकीच्यांवर पैसे घालू नका." दुकानदार स्वतःचं काम कमी करतोय हे पाहिल्यावर माझा विश्वास बसला.

अल्टर करून घेणाऱ्या प्रत्येकीने एक हिशेब समजून घ्यावा. टीप दोन्ही बाजूंना एकेक इंच आत सरकवली तर कुर्ता दोन इंचांनी कमी झाला असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. एका बाजूला पुढचा एक इंच जातो आणि मागचा एक इंच जातो, म्हणजे दोन. दोन्ही बाजू मिळून चार. आपल्याकडे रेडीमेड कुर्त्यांची मापं साधारण दोन-दोन इंचांनी चढतात, ३८, ४०, ४२, ४४ अशी. तेव्हा एकेक इंच आत घेतला की ४४ चा कुर्ता थेट ४० वर येतो, दोन मापं खाली. हे कळल्यावर मी टाचण्या लावताना मास्तरांच्या मागे "अजून थोडं, अजून थोडं" करणं बंद केलं.

न कापता आत घेतलं की आतल्या बाजूला मायेचं, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं, कापड साठतं. सुती कुर्त्यात त्रास होत नाही. शिवणीवर इस्त्री फिरवली की बसतं. पण मुंढ्याच्या गोलाईला ते गोळा होतं आणि काखेत टोचायला लागतं. दीड इंचापर्यंत चालतं, त्यापुढे कापावंच लागतं. मास्तर तिथे मधला मार्ग काढतात: मुंढ्याजवळ माया कमी करतात, छाती-कंबरेला तशीच ठेवतात. शिवाय मशीनवर टाका मोठा लावतात, म्हणजे पुढच्या वेळी उसवताना कापडाला इजा नाही आणि वेळही कमी. दुसऱ्या फेरीला त्यांनी माझ्याकडून उसवण्याचे पैसे वेगळे घेतले नाहीत, कारण दोरा एका ओढीत निघून आला.

कुर्त्याच्या बाजूच्या चिरीकडेही ते लक्ष देतात, जे बाकीचे विसरतात. छाती-कंबर आत घेतली आणि चिरीच्या टोकाशी सीट (नितंबांपाशीचा घेर) तशीच सोडली, तर चीर दोन्ही बाजूंनी पंख्यासारखी उघडते आणि आतली लेगिंग दिसते. माझा एक कुर्ता दुसरीकडे असाच बिघडून आला होता. मास्तरांनी चिरीचं टोक उसवून, टीप सीटपर्यंत तिरकी नेऊन तो जागेवर आणला. कळ्यांचा अनारकली मात्र त्यांना आवडत नाही. आठ कळ्यांच्या प्रत्येक शिवणीत पाव इंच घेतला तरी घेरात चार इंच कमी होतात आणि आकार मुळीच बिघडत नाही, पण त्यासाठी आठ शिवणी वरपासून कंबरेपर्यंत उसवायच्या. मी नेला तेव्हा त्यांनी तो हातात धरून माझ्याकडे असं पाहिलं की मीच म्हटलं, "घाई नाही मास्तर." तो खरंच फार उशिरा मिळाला. पण काय बसला!

साडी नेसणाऱ्यांचं या काळात बरं असतं. साडीला माप नाही. पोट गेलं की दोन निऱ्या जास्त येतात, परकराची नाडी ओढून बांधली की झालं. मी तर या दिवसांत आठवड्यातून दोनदा साडीवर आले, आणि तीही उगाच कपाटात बसलेल्या कॉटनच्या साड्या काढून. प्रश्न राहतो ब्लाउजचा. आपल्याकडे चांगला शिंपी ब्लाउजच्या बाजूला आत माया सोडतो, कारण बायका वाढत जाणार हे तो धरूनच चालतो. आत घेणं सैल करण्यापेक्षाही सोपं, पण टक्स (छातीपाशी शिवलेल्या चुण्या) आणि कटोरी (छातीवरचा गोल तुकडा) जागा सोडतात. दोन मापं उतरल्यावर टक्सची टोकं भलतीकडे येतात आणि नुसत्या बाजू दाबून ते सुधारत नाही. मास्तरांनी माझ्या रोजच्या ब्लाउजांना बाजूने आत घेतलं, पुढचे टक्स नव्याने घातले, आणि पैठणीवरच्या ब्लाउजला हात लावायला साफ नकार दिला.

"रेशमाला सुईची भोकं राहतात. एकदाच काय ते करू. लग्न कधी आहे?"

"भाचीचं, वैशाखात."

"मग चैत्राच्या शेवटी आणा."

हे मला फार पटलं. सुती, लिनन कितीदाही उसवा. रेशीम, टिश्यू, सॅटिन यांना जुन्या टिपेची रांग दिसत राहते. म्हणून सणावाराचे कपडे सगळ्यात शेवटी. मधल्या काळातल्या समारंभांना मी ताणले जाणारे रेडीमेड ब्लाउज घेतले, एक काळा आणि एक सोनेरी. दोन-तीन मापांना तेच पुरतात. मखरातल्या गौरीसारखं चापूनचोपून नाही बसत, पण पदर घेतल्यावर कोण बघतंय.

आता जिथे मास्तर कमी पडतात ते. जीन्स. कंबर दोन इंचांपर्यंत ते मागच्या मधल्या शिवणीतून घेतात, त्यापुढे हात जोडतात. "मागचे खिसे एकमेकांच्या गळ्यात पडतील" असं म्हणाले, आणि ते खरंच आहे. जीन्सची मधली शिवण दुमडून दुहेरी घातलेली असते, ती उसवली तरी मूळ जाड दोऱ्यासारखी टीप त्यांच्या मशीनवर येत नाही. माझ्या एका जीन्सवर त्यांनी साध्या दोऱ्याने टीप मारली. ती टिकली, पण पट्ट्याखाली झाकूनच घालावी लागते. टी-शर्टही देऊ नका. ताणल्या जाणाऱ्या कापडाला वेगळी सुई लागते, त्यांच्या मशीनवर टाके सुटतात.

जीन्ससाठी मी उल्हासनगरला गेले. डोंबिवलीकरणींना नवीन सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांचं हे शहर. १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं, तरी पत्ता अजून कॅम्प नंबरनेच सांगतात. जीन्स शिवण्याचे कारखाने पाच नंबरला, कपड्यांचा गजानन मार्केट दोन नंबरला. तिथे मी मधल्या काळापुरती एक काळी जीन्स घेतली, थोडी ताणली जाणारी, उंच कंबरेची. दुकानदाराने ६५० सांगितले, ४०० ला दिली, आणि मला अजूनही वाटतं की ३५० ला दिली असती. काळीच का? तर तीच ती रोज घातली तरी कळत नाही. शेजारीच जाड मशीन घेऊन बसलेल्या एकाने माझी जुनी निळी जीन्स कंबरेत घेऊन दिली, आणि ती टीप मूळ टिपेतून ओळखता येत नाही. जीन्स शिवणाऱ्या गावातच जीन्स अल्टर करावी. टॉप हवे असतील तर ऑफिस सुटल्यावर सीएसएमटीवरून चालत फॅशन स्ट्रीट आहेच, पण तिथे घालून बघता येत नाही. उतरत्या वजनात घालून न बघता काही घेणं म्हणजे अंदाजपंचे. मी सोडून दिलं.

मापांवरून आठवलं. एका ठिकाणी मला लार्ज बसतो, दुसऱ्या ठिकाणी एक्स्ट्रा लार्ज, तिसरीकडे मीडियमसुद्धा. वजन उतरवणाऱ्या माणसाच्या मनाशी हा खेळ आहे. कारण असं की भारतीयांची म्हणून एक ठरलेली मापसारणीच बाजारात नव्हती, प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने माप धरते. एनआयएफटी या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने यासाठी 'इंडियासाइझ' नावाचा प्रकल्प हाती घेतला, सहा शहरांत २५ हजार माणसांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची म्हणून. ती सारणी दुकानादुकानात येईल तेव्हा येईल. तोवर अक्षरांवर विश्वास ठेवू नका, टेपवर ठेवा. मी एका बसणाऱ्या कुर्त्याची छाती, कंबर आणि खांदा मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवलंय. दुकानात कुर्ता टेबलावर पसरून मोजते. विक्रेत्या मुली हसतात. हसू देत.

एका गोष्टीत काटकसर चालत नाही, आणि त्याबद्दल बायका बोलत नाहीत म्हणून मी बोलते. आतले कपडे. ते अल्टर होत नाहीत, आणि ढिली ब्रा घालून वरचा ब्लाउज कितीही छान फिट करा, तो बसणार नाही. मास्तरांकडे माप द्यायला जातानाही योग्य मापाची ब्रा घालूनच जा, नाहीतर सगळी मापं चुकतात. वजन उतरतंय तर नवी घेताना अशी घ्या की सगळ्यात बाहेरच्या हुकावर ती नीट बसेल. मग घेर कमी होत गेला की मधला हूक, मग आतला. एकाच ब्रामध्ये तीन टप्पे निघतात. आतल्या हुकावर बसणारी घेतलीत तर पुढच्या महिन्यात दुसरी घ्यावी लागेल. दोन-तीनच घ्या, रोज धुवा.

मास्तरांशिवाय दुसरे पर्यायही पाहिलेत, तेव्हा त्यांच्याबद्दल दोन ओळी. एका मॉलमधल्या अल्टरेशनच्या काउंटरवर एक कुर्ता दिला. काम सुबक, आतून इंटरलॉक, इस्त्री करून पिशवीत घातलेला. पण ३५० रुपये, आणि न विचारता आतलं सगळं कापड कापलेलं. तो कुर्ता आता परत सैल करता येत नाही. घरी येऊन कपडे नेणारी एक सेवाही मागवून पाहिली. आलेल्या मुलाने टेप लावण्याऐवजी "एक बसणारा ड्रेस सोबत द्या" म्हणून सांगितलं. बसणारा ड्रेस असता तर त्याला बोलावलं कशाला असतं?

अल्टर करून उपयोग नाही अशा कपड्यांचं काय केलं? माझा नियम साधा: दुरुस्तीचा खर्च तसाच नवा घेण्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त होत असेल तर तो कपडा घराबाहेर. पहिली वाट बोहारीण. ती अजून आमच्या कॉलनीत येते, डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन. तिला जरीच्या साड्या आणि पुरुषांच्या पॅन्टी हव्या असतात. माझे सुती कुर्ते तिने दोन बोटांनी उचलले आणि बाजूला ठेवले. शेवटी नवऱ्याच्या दोन पॅन्टी, एक नायलॉनची साडी आणि सगळे कुर्ते मिळून एक झाकणाचं स्टीलचं पातेलं आलं. नवऱ्याला पॅन्टींबद्दल अजून माहीत नाही. मऊ झालेल्या सुती साड्या आणि ओढण्या गोधडीला दिल्या. गोधडी शिवणाऱ्या बाई माप बघून पैसे घेतात आणि वर कापड आपलं, त्यामुळे स्वस्तात होते.

नातेवाइकांना द्यायचे का, हा नाजूक विषय. ४४ चा चांगला, जेमतेम वापरलेला कुर्ता पुढे करून "तुला बसेल" म्हणणं किती धोक्याचं आहे हे कुणी मला आधी सांगायला हवं होतं असं नाही, ते आपल्याला उपजत कळतं. म्हणून मी युक्ती केली. जाऊबाई आल्या तेव्हा कुर्ते पलंगावर पसरून ठेवले आणि नुसतं म्हटलं, "वहिनी, हे देऊन टाकायचेत, बोहारीण काही देत नाही बघा." त्या म्हणाल्या, "अगंबाई, एवढे चांगले? बोहारणीला कशाला?" चार कुर्ते स्वतःहून घेऊन गेल्या. मापाचा विषय निघालाच नाही. आता त्या तेच कुर्ते घालून येतात आणि सगळ्यांना सांगतात की हिने मला दिले, हात सैल आहे हिचा.

मास्तरांच्या तक्रारी सांगायच्या राहिल्याच. पहिली, वेळ. "परवा" म्हणजे त्यांच्याकडे पुढचा आठवडा. फोन केला तर "होतंय, शेवटची टीप चाललीय" असं सांगतात, आणि तुम्ही पोचता तेव्हा पिशवी थप्पीत खालून दुसरी असते. यावर मला उपाय सापडलाय. कपडे ठेवून यायचंच नाही. बुधवार-गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला, गर्दी नसताना, साध्या दोनच कुर्त्यांचं काम घेऊन जायचं आणि स्टुलावर बसून राहायचं. समोर गिऱ्हाईक बसलं की त्यांचा हात चालतो. नोकरी करणाऱ्यांना त्यासाठी अर्धी रजा टाकावी लागते हे खरं, पण मी तरी टाकते.

दुसरी, दोरा. जवळपासच्या रंगावर भागवतात. गडद जांभळ्याला काळा, मोरपंखीला हिरवा. ट्यूबलाइटखाली कळत नाही, बाहेर उन्हात आलं की कळतं. आपलं रीळ घेऊन जा. रामनगरात शिवणसामानाच्या दुकानात कपडा दाखवून रीळ मिळतं, दहा-पंधरा रुपयांचा प्रश्न. तिसरी, घालून बघायची जागा. एका कोपऱ्यात पडदा आहे, आत एका वेळी एक माणूस आणि दोन पोती उभी राहू शकतात. आरसा अर्धा. कंबरेखालचं कसं दिसतंय हे बघायचं तर स्टुलावर चढायचं. मी चढते. कुणाला गुडघ्यांचा त्रास असेल तर सोबत एखादीला न्या, ती सांगेल. चौथी, इस्त्री नाही. कपडा चुरगळलेलाच हातात येतो, आणि इस्त्री झाल्याशिवाय फिटिंग कसं झालं ते नीट कळत नाही, म्हणून घरी जाऊन तक्रार करण्याआधी इस्त्री करा.

दर मी शेवटची गेले तेव्हाचे असे होते: कुर्ता बाजूने आत घेणं ८०, खांदा-मुंढ्यासह २००. बिनअस्तराचा ब्लाउज ६०, अस्तराचा १००, टक्स बदलले तर त्यावर ४०. सलवार-पॅन्टचं इलॅस्टिक बदलणं ५०, इलॅस्टिक त्यांचं. पुरुषांची पॅन्ट कंबरेत १२०, त्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नाही, कारण पॅन्टीला मागे मधे भरपूर माया असते आणि ती शिवण त्यांना तोंडपाठ आहे. डाव्या ढिगातले माझे आठ कुर्ते ६४० रुपयांत झाले, एका नव्या कुर्त्यापेक्षा कमी. उजव्या ढिगातले फक्त दोन केले. रोख किंवा क्यूआर, पावती मिळत नाही, चिठ्ठीवरची आपली खूण लक्षात ठेवायची.

पाचपैकी चार तारे. रोजचे सुती कपडे आणि ब्लाउज असतील तर डोळे मिटून जा. जीन्स, टी-शर्ट आणि तारखेला बांधलेलं काम असेल तर दुसरीकडे. सोमवारी बंद असतं. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत आणि लग्नसराईत अल्टरचं काम घेत नाहीत, तेव्हा नवे ब्लाउज असतात हातात. गौरी-गणपती झाले की पितृपक्षात गिऱ्हाईक कमी असतं. तेव्हा सगळा गठ्ठा एकदम न्या, नाही म्हणत नाहीत.